आराडो ई.३८१: न बनलेल्या रॉकेट-विमानाचं कॉकपिट प्लायवूडमध्ये (कामाच्या नोंदी)

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आधी काय बनवतोय ते. आराडो ई.३८१ हे १९४४च्या अखेरीस जर्मनीत कागदावर उतरलेलं छोटं रॉकेट-लढाऊ विमान. पहिल्या आराखड्यात लांबी ४.६९ मीटर, पंखांचा विस्तार ४.४३ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. ते स्वतः धावपट्टीवरून उडणार नव्हतं. आराडो कंपनीचंच चार इंजिनांचं जेट, एआर २३४सी, त्याला पोटाखाली लटकवून वर नेणार आणि बाँबर विमानांच्या थव्यापेक्षा जास्त उंचीवर सोडून देणार. मग सूर मारत पहिला हल्ला, वाल्टर कंपनीचं रॉकेट इंजिन पेटवून परत उंची, दुसरा हल्ला, आणि इंधन संपलं की तरंगत खाली येऊन पोटाखालच्या स्किडवर, म्हणजे चाकांऐवजी लावलेल्या पट्टीवर, घसरत उतरायचं. वेग मारायला मागे पॅराशूट. वैमानिक आत पालथा झोपलेला.

इंजिन बसवलेलं पूर्ण विमान एकही झालं नाही. एआर २३४सी स्वतःच मोजकी होती, पैसा नव्हता, आणि १९४५ उजाडलं होतं.

मी अख्खं विमान करत नाहीये. नाकापासून वैमानिकाच्या पायांपर्यंतचा २.२ मीटरचा भाग, तोही पूर्ण आकारात. १:४८च्या मॉडेलमध्ये वैमानिक म्हणजे दीड इंचाचा प्लॅस्टिकचा बाहुला. त्याची मान अवघडत नाही आणि तो गुदमरतही नाही. मला खरा माणूस आत घालून बघायचा आहे.

सगळं काम एका आकड्यावर उभं आहे: धडाचा समोरून दिसणारा छेद फक्त ०.४५ चौरस मीटर. अमेरिकन पी-४७ थंडरबोल्ट या लढाऊ विमानाच्या साधारण चौथा भाग. समोरून येणाऱ्या गोळ्यांना लक्ष्य लहान मिळावं हा हेतू. धड नळीसारखं गोल धरलं तर व्यास येतो ७५.७ सेंमी. हे बाहेरचं माप. आतला माणूस उरलेल्या जागेत.

जागा: मामांच्या फर्निचरच्या कारखान्याचा मागचा कोपरा. मिस्त्री त्यांचेच, रविवारी वेगळ्या मजुरीवर.

१६ नोव्हेंबर

कड्या, म्हणजे धडाच्या सांगाड्याची वर्तुळं. २.२ मीटरला साधारण ३० सेंमी अंतरानं ८ कड्या. बाहेरचं आवरण ५ मिमीचं असणार, म्हणून कडीचा बाहेरचा व्यास ७४.७ सेंमी. कडीची खोली ४ सेंमी.

पहिला विचार होता १२ मिमी प्लायमधून अख्ख्या कड्या कापायच्या. ८ बाय ४च्या शीटमध्ये अशा तीनच बसतात आणि मधला गोल तुकडा बहुतेक वाया जातो. मिस्त्री शीटकडे बघून म्हणाले, "दादा, तुकडे जोडून करा, शीट वाचंल." मग प्रत्येक कडी ६ मिमीच्या दोन थरांची केली. प्रत्येक थर तीन तुकड्यांचा, आणि वरच्या थराचे जोड खालच्या थराच्या जोडांवर येणार नाहीत असे फिरवून चिकटवले. ४८ तुकडे ६ मिमीच्या दोन शीटमध्ये आरामात निघाले. १२ मिमीच्या तीन शीट घेतल्या असत्या तर ८,१०० रुपये गेले असते. हे ३,३०० मध्ये झालं.

कापायला जिगसॉ वापरू नका. पातं वाकतं, कड तिरकी येते आणि आवरण नंतर कडीवर नीट बसत नाही. राउटरला (लाकूड कोरायच्या यंत्राला) लाकडाची लांब पट्टी ठोकली, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला खिळा, आणि कंपाससारखं फिरवलं. जिगसॉनं कापलेले सुरुवातीचे तुकडे घासून सरळ करण्यात सकाळ गेली.

२३ नोव्हेंबर

आवरणासाठी फ्लेक्सी प्लाय (गोल वळणारा प्लाय) घेतला, ५ मिमी. हिशोब छान होता. ७५.७ सेंमी व्यासाचा परीघ २३८ सेंमी, शीटची लांबी २४४. म्हणजे एक शीट पूर्ण वेढा घालून ६ सेंमी उरणार, अशा दोन शीट पुढेमागे लावल्या की काम संपलं.

शीट लांबीच्या दिशेनं वळेचना. फ्लेक्सी प्लाय दोन प्रकारचा मिळतो. एक ८ फुटांची बाजू गोल वळते असा, दुसरा ४ फुटांची बाजू वळते असा. आम्हाला दुसरा मिळाला होता. बिलावर फक्त "फ्लेक्सी ५ मिमी" एवढंच. दुकानदार परत घेईना, कारण मिस्त्रींनी जोर लावल्यावर एका शीटला मधे चर गेली होती. घेताना दुकानातच शीट उभी धरून दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, दुसरा उपाय नाही.

४,२०० रुपयांच्या दोन शीट भिंतीला टेकवून त्यांच्याकडे बघत चहा प्यायलो. आणि तिथेच सुटलं. अर्धा परीघ ११९ सेंमी. शीटची रुंदी १२२. म्हणजे शीट विमानाच्या लांबीत आडवी ठेवली तर एक शीट खालचा अर्धा भाग झाकते, दुसरी वरचा. जोड पुढेमागे येण्याऐवजी दोन्ही कुशींना येतील. वर बोनस असा की वरचा अर्धा सुटा ठेवला तर झाकणासारखा उचलून आतलं दाखवता येईल. मूळ बेतापेक्षा हा बेत चांगला आहे, फक्त त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

चर गेलेली शीट वरच्या बाजूला. चर दाराच्या कापात जाईल अशी ठेवली.

३० नोव्हेंबर

वरचा-खालचा भाग वेगळा करायचा तर तयार कड्याही मधोमध कापायला हव्यात. कापल्या. ज्या कड्यांमध्ये थराचा जोड बरोबर कापाच्या रेषेशेजारी आला होता त्यांची टोकं मोकळी होऊन हलायला लागली. आधी ठरवलं असतं तर जोड फिरवता आले असते. आता प्रत्येक टोकाला १२ मिमीचा छोटा तुकडा आतून चिकटवून स्क्रू मारले. यानं आतली जागा कुशीला आणखी थोडी खाल्ली, आणि इथे सेंटिमीटरला किंमत आहे.

खालचं आवरण मात्र मजेत बसलं. मधल्या कडीपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, फेविकॉल, दर १० सेंमीला छोटा स्क्रू, वरून मालवाहू गाडीचे पट्टे आवळून रात्रभर. कारखान्यात येणारा प्रत्येक जण विचारतो ही पाण्याची टाकी कुणाची.

एक तुलना करून ठेवली. आराखड्यात वैमानिकाभोवती ५ मिमीचं चिलखत होतं. माझं आवरणही योगायोगानं ५ मिमी. माझ्या २.२ मीटरच्या नळीचं आवरण सगळं ५ मिमी पोलादाचं केलं तर वजन २०० किलोच्या वर जातं. प्लायचं दोघांनी उचललं.

नाकाचा गोलवा दोन्ही दिशांनी वळतो, फ्लेक्सी प्लाय एकाच दिशेनं. उरलेल्या २४ सेंमीच्या पट्टीतून बोटभर रुंद पट्ट्या कापून एकेक चिकटवल्या. वेळखाऊ. पुट्टी मारून झाकलं.

७ डिसेंबर

आज आत झोपलो.

आतला मोकळा व्यास ६६.७ सेंमी. झोपायची फळी तळापासून १५ सेंमी वर घेतली, खालून नियंत्रणाच्या तारा आणि स्किडची यंत्रणा जाईल असं धरून. त्या उंचीवर रुंदी मिळते साधारण ५५ सेंमी. माझे खांदे ४६. ऐकायला पुरेसं वाटतं. पण पालथं झोपून हात पुढे घेतले की कोपरं बाहेर पडतात, आणि ती थेट कड्यांवर आपटतात. फळी ३ सेंमी खाली घेतली तर रुंदी उलट कमी होते, कारण नळी खाली निमुळती होत जाते. वर घेतली तर डोकं छताला. शेवटी फळी १५वरच ठेवली आणि कोपरांच्या जागी दोन कड्यांची आतली बाजू दीड सेंमी तासली.

खरी अडचण मानेची. समोर बघायचं तर डोकं मागे वाकवून धरावं लागतं. दहा मिनिटांत खांद्यांच्या मधे कळ सुरू झाली. प्रत्यक्षात वरच्या विमानाला लटकून चढत जायचा वेळही याच अवस्थेत काढायचा होता, आणि हल्ला त्यानंतर. हनुवटीखाली टेकू हवा. फोम आणि रेक्झिनचा केला, पहिला फार कडक झाला, बोलताना दात आपटायचे. दुसऱ्यात मऊ फोमचा थर वर दिला.

पालथं झोपवण्यामागे फक्त लहान छेद हे कारण नव्हतं. वेगानं वळताना किंवा सूर मारून वर येताना रक्त पायांकडे ओढलं जातं आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते; आडव्या माणसाला ते जास्त सोसतं. जर्मनांनी बर्लिन बी ९ नावाचं दोन इंजिनांचं विमान खास हे तपासायला बनवलं होतं. युद्धानंतर, १९५४ मध्ये, ब्रिटिशांनीही ग्लॉस्टर मीटिऑर जेटचं नाक लांबवून त्यात पालथा वैमानिक घातला. ते विमान टिकून आहे. कल्पना टिकली नाही: दाबाचा सूट घालून बसणं सोपं पडलं.

पायांच्या मागे आडवी फळी मारली, त्यापलीकडे इंधनाच्या टाक्या. वाल्टर इंजिनाला दोन द्रव लागत. टी-श्टोफ म्हणजे ८० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि सी-श्टोफ म्हणजे मिथेनॉल, हायड्रॅझिन हायड्रेट आणि पाणी. दोन्ही भेटले की ठिणगीशिवाय पेट घेतात. टी-श्टोफ तर कापडावर सांडलं तरी आग लागू शकते, कातडी भाजते ती वेगळी. याच इंधनावर उडणाऱ्या मेसरश्मिट १६३ या विमानात टी-श्टोफच्या टाक्या वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना कॉकपिटमध्येच होत्या. त्या मानानं इथे ते टाचांच्या मागे. माझी टाच आणि फळी यांत १२ सेंमी उरतात.

१४ डिसेंबर

काच. आराखड्यात वैमानिकापुढे १४० मिमी जाडीची चिलखती काच आहे. तेवढी जाड काच किंवा ऍक्रिलिकचा ठोकळा परवडणारा नाही, म्हणून ५ मिमी ऍक्रिलिकच्या दोन चकत्या १४० मिमी अंतरावर, मधे काळा रंगवलेला गोल डबा. खिडकीचा व्यास ३६ सेंमी धरला, रेखाचित्रावरून काढलेला अंदाज.

बसवून बघितलं तर बोगद्यातून बघितल्यासारखं. खूप प्रभावी वाटलं, आणि चूक होतं. भरीव काचेत प्रकाश वाकतो, त्यामुळे १४० मिमी जाडीची काच डोळ्याला जेमतेम ९३ मिमी खोल भासते. माझ्या डब्यात मधे हवा आहे, म्हणून तो पूर्ण १४० मिमीचा अडथळा करत होता. डबा कापून ९३ मिमीवर आणला. डोळा आतल्या चकतीपासून ३० सेंमीवर असेल तर आधी सुमारे ४४ अंश दिसत होतं, आता ४९. फार नाही, पण कुणी माझी मापं घेऊन करणार असेल तर १४०चा डबा करू नका, खोटं वाईट चित्र दिसेल. खरं चित्र पुरेसं वाईट आहे. बाजूला, वर, मागे काहीच नाही. सोबत कोण आहे, पाठीवर कोण बसलंय, उतरायची धावपट्टी कुठे राहिली, सगळं त्या ४९ अंशांत यायला हवं.

एवढ्या काचेचं वजन, ३६ सेंमी व्यास धरून, ३५ किलोच्या आसपास. नाकाच्या टोकाला.

२१ डिसेंबर

काम नाही. लग्नाच्या फर्निचरची ऑर्डर, कोपरा भरला. माझी नळी आवारात ताडपत्रीखाली.

२८ डिसेंबर

दार. वैमानिकानं वरच्या झडपेतून आत जायचं. मी भोक ६० बाय ४५ सेंमीचं कापलं, चर गेलेला भाग त्यात गेला.

आत जायची रीत शोधायला वेळ लागला. डोकं आधी घातलं तर पाय दुमडून मागे सरकवता येत नाहीत. जमतं ते असं: झडपेत मागे तोंड न करता गुडघे टेकायचे, पाय मागच्या नळीत सरकवत जायचे, मग हातांवर भार देऊन छाती खाली आणायची. बाहेर यायला याच्या उलट, म्हणजे आधी हातांवर अंग उचलायचं, आणि उचलायला वर जागा ५२ सेंमी. भाचा विशीतला, सडपातळ. त्याला बाहेर यायला वीसेक सेकंद. मला त्याच्या दुप्पट. पॅराशूट, हेल्मेट, ऑक्सिजन यांतलं काही अंगावर नव्हतं, आणि नळी जमिनीवर स्थिर होती.

मग जो प्रयोग करायचा होता तो केला. वरच्या विमानाचं पोट म्हणून एक फळी झडपेवर १० सेंमी अंतरानं सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर ठेवली. झडप उघडतच नाही. कागदावर हे दिसतं, पण कागदावर ते "वैमानिकानं जोडणीआधी आत बसावं" अशा एका सूचनेपुरतं दिसतं. प्रत्यक्षात अर्थ असा की जमिनीवरून सुटल्यापासून सोडणीपर्यंत हा माणूस बाहेर येऊ शकत नाही. वरच्या विमानाला आग लागली, सोडणीचा हुक अडकला, टाकी गळली, तरी नाही. सुटल्यावरही अंगाखाली स्किड आणि अंगावर तोफेचा उंचवटा.

भाचा फळी ठेवल्यावर हौसेनं आत थांबला आणि थोड्याच वेळात "मामा, काढ" म्हणाला. आवाज हसरा नव्हता. त्या संध्याकाळी तळाला मागच्या बाजूला एक सुटं दार केलं, बाहेरून एका खिट्टीवर उघडणारं. मूळ विमानात असं काही नाही. तुम्ही केलंत तर हे आधी करा, बाकीचं नंतर, आणि एकट्यानं आत जाऊ नका.

त्याच काळातल्या बाखेम नाटरची आठवण होते. ते उभ्या मनोऱ्यावरून सुटणारं रॉकेट-विमान; निदान ते बनलं. १ मार्च १९४५ला लोथार झीबर त्यात बसून उडाला, वर जाताना कॉकपिटचं झाकण निघून गेलं आणि विमान कोसळून तो मेला. माणूस नेऊन केलेलं नाटरचं ते पहिलंच रॉकेट-उड्डाण.

११ जानेवारी २०२६

तोफ. एमके १०८, ३० मिमी, कॉकपिटच्या मागे धडावर उंचवट्यात एकच. मी पीव्हीसी पाइप आणि पुट्टीत केली. नळी अगदी आखूड; गोळा मोठा पण वेग कमी, त्यामुळे जवळ गेल्याशिवाय उपयोग नाही.

हे किती जवळ ते बघायला समोरच्या भिंतीवर, डोळ्यापासून १० मीटरवर, बी-१७ बाँबरचे पुठ्ठ्याचे दोन आकार लावले. त्याच्या पंखांचा विस्तार ३१.६ मीटर. ६०० मीटरवरून तो जेवढा दिसेल त्यासाठी ५३ सेंमीचा पुठ्ठा, ३०० मीटरसाठी १०५ सेंमीचा. आता वेग धरा: हे विमान ताशी ९००, बाँबर ताशी २९०च्या आसपास, दोघांत फरक सेकंदाला १७० मीटर. पाठीमागून गेलं तर छोटा पुठ्ठा मोठा व्हायला दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ. ४०० मीटरवरून गोळीबार सुरू करून १०० मीटरवर वळायचं तर पावणेदोन सेकंद. तोफ मिनिटाला ६५० गोळे सोडते, म्हणजे तेवढ्यात १९. भाच्यानं टाळी वाजवून वेळ दिली आणि मी नेम धरायचा प्रयत्न केला. पहिल्या टाळीला डोळे पुठ्ठ्यावर येईपर्यंत दुसरी वाजली.

रंग: बाहेरून फिका निळसर राखाडी, आत प्रायमरचाच. चिन्हं काही नाहीत. बघायला आलेल्या दोघांनी शेपटीवरचं नाझी चिन्ह कुठाय असं विचारलं. शेपटी नाहीच, पण असती तरी रंगवलं नसतं. आराडोच्या कारखान्यांत सक्तीचे मजूर राबत होते, आणि फ्रायबर्गच्या छळछावणीतल्या ज्यू बायकांकडूनही विमानांचं काम करून घेतलं जात होतं. हे मी पाटीवर लिहिलं आहे, मापांच्या खालीच.

१८ जानेवारी

खर्च: ६ मिमी प्लाय ३,३००, फळी आणि आधारांसाठी १२ मिमीची एक शीट २,७००, फ्लेक्सी ४,२००, मजुरी ६,५००, ऍक्रिलिक १,४००, फोम-रेक्झिन १,९००, फेविकॉल, स्क्रू, पुट्टी, रंग मिळून २,३५०. बेरीज २२,३५०. पुन्हा करायचं तर मजुरीत बचत होईल, कारण कड्या कापून परत जोडण्यात बरीच गेली. कड्या सुरुवातीपासूनच अर्ध्या करा आणि थरांचे जोड कुशीच्या रेषेपासून निदान हातभर लांब ठेवा.

झोपायच्या फळीपासून बाहेरच्या तळापर्यंत जेमतेम २० सेंमी. उतरताना वैमानिकाची छाती जमिनीपासून एवढीच वर, मधे स्किड. मेसरश्मिट १६३ मध्ये स्किडवर आदळून वैमानिकांच्या पाठीच्या मणक्यांना इजा व्हायची. ते निदान बसलेले होते. इथे धक्का बरगड्यांवर येणार. फळीखाली स्प्रिंग घालून बघायचा विचार होता, पण २० सेंमीत स्प्रिंग घातली की फळी वर येते आणि डोकं छताला. सोडून दिलं.

राहिलेलं काम पायांचं. पालथ्या माणसाची पावलं मागे ताणलेली असतात, घोट्यातून दाब द्यायला बळच मिळत नाही. साधं पेडल ठोकून बघितलं, पाय घसरतो. बोटांच्या बाजूनं मागे ढकलता येईल असा दांडा करायचा आहे, आणि त्यासाठी टाचांमागचे ते १२ सेंमी पुरत नाहीत. मागची फळी सध्या स्क्रूवरच ठेवली आहे, चिकटवलेली नाही.